स्प्रिंगचा अर्धा वेढा तुटलाय: गाडी चालवायची का, आणि दुरुस्ती कुठवर करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चौदा वर्षांची हॅचबॅक, १,४०,००० किलोमीटर झालेले. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या डाव्या चाकातून ‘टण्ण’ असा, ताणलेली तार सुटल्यासारखा आवाज येतो. एका मेकॅनिकने सांगितलं, स्प्रिंगचा खालचा अर्धा वेढा तुटलाय, पण शेवटचाच तुकडा आहे, चालेल. दुसरा म्हणाला, तेवढी एक बदला. तिसऱ्याने चारही स्प्रिंगा आणि चारही शॉकअपची यादी हातात दिली. घरच्यांचं म्हणणं, आता गाडीच काढून टाका.

मी सव्वीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय, म्हणून सरळ सांगतो. यासाठी गाडी विकायची काही गरज नाही, पण ‘चालेल’ म्हणून सोडून देण्यासारखंही हे नाही. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा बदला. त्यांच्याबरोबर टॉप माउंट (स्प्रिंग-शॉकअपला वरून गाडीच्या पत्र्याशी धरणारा रबरी भाग), त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की धक्का झेलणारं रबर) आणि शॉकअपच्या दांड्यावरची रबरी आवरणं बदला. शॉकअप हातात आल्यावर तपासून ठरवा. मागच्या स्प्रिंगा नीट पाहून घ्या आणि शाबूत असतील तर त्यांना हात लावू नका. हे होईपर्यंत गाडी उभी ठेवा.

उभी का ठेवायची, ते आधी. तुमच्या गाडीसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र बसवलेला खांब. त्यात शॉकअपच्या नळीला एक बशी वेल्ड केलेली असते आणि स्प्रिंग त्या बशीत बसते. बशीची कड आणि टायरची आतली बाजू यांच्यात अंतर फारच थोडं असतं, काही गाड्यांत जेमतेम बोटभर. कारखान्यातून आलेलं स्प्रिंगचं टोक बशीतल्या खोबणीत अडणीला टेकून बसतं, त्यामुळे स्प्रिंग जागची फिरत नाही. अर्धा वेढा तुटला की ही अडण जाते. उरलेल्या स्प्रिंगचं नवं टोक तिरकं आणि कोयत्यासारखं धारदार असतं, आणि ते बशीत कुठेही सरकू शकतं. तुम्हाला ऐकू येणारा आवाज त्याचाच आहे: स्टिअरिंगबरोबर स्प्रिंगला पीळ बसतो, टोक कुठेतरी अडतं, मग एकदम सुटतं. एखाद्या दिवशी ते बशीच्या कडेवरून बाहेर घसरलं तर थेट टायरमध्ये घुसतं.

माझ्याकडे अशी एक गाडी टोइंगवर आली होती. मालकाला वाटत होतं टायर फुटलाय. चाक काढलं तर टायरच्या आतल्या बाजूला पूर्ण गोलाकार चीर होती, सुरीने कापल्यासारखी. ब्रेकचा रबरी पाइपही सोलला गेला होता, आणखी थोडं झालं असतं तर त्या चाकाचा ब्रेक गेला असता. त्या मालकालाही आधी कोणीतरी ‘शेवटचाच तुकडा आहे’ असंच सांगितलं होतं. तेव्हापासून तुटलेल्या स्प्रिंगची गाडी मी मालकाला चालवत परत नेऊ देत नाही.

मेकॅनिकला एक प्रश्न नक्की विचारा: तुटलेला तुकडा कुठे आहे? तो बशीत पडून असेल तर काढून घ्या. सापडत नसेल तर रस्त्यात पडला असेल, किंवा चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मवर, ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटाजवळ किंवा एबीएसच्या वायरजवळ अडकलेला असेल. गाडी हलवायच्या आधी तिथे टॉर्च मारून पाहा. गॅरेजपर्यंत नेताना चारही चाकं उचलणाऱ्या सपाट गाडीवरूनच न्या.

ज्यांना अजून खात्री नाही त्यांनी असं पाहावं. सपाट जागा, चारही टायरमध्ये योग्य हवा, गाडी रिकामी. गाडी थोडी पुढे-मागे ढकला, म्हणजे चाकं मोकळी होऊन सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. मग चाकाच्या मधोमध बिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत डावीकडे आणि उजवीकडे माप घ्या. १०-१५ मिलिमीटरहून जास्त फरक निघाला तर कारण शोधावंच लागतं. पण माप सारखं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. स्प्रिंगचा शेवटचा वेढा बशीवर टेकलेला असतो, तो फारसं काम करत नाही, त्यामुळे त्याचा तुकडा गेला तरी उंचीत फरक कधीकधी जाणवतही नाही. म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून बशीतलं टोक डोळ्यांनी पाहावं लागतं. मूळ टोक सरळ कापलेलं आणि रंगवलेलं असतं. तुटलेलं टोक साधारण ४५ अंशांत पिळवटलेलं असतं. दोन्ही बाजू ताडून पाहिल्या की शंका राहत नाही. वेढ्यांमध्ये बोटं मात्र घालू नका, तुटकी स्प्रिंग कधी सरकेल याचा नेम नसतो. दोन्ही टोकं शाबूत असूनही ‘टण्ण’ येत असेल तर बहुधा टॉप माउंटचं बेअरिंग अडकलेलं असतं.

आता ती तुटली का. हे समजून घेतलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

लोकांना वाटतं स्प्रिंग दबते म्हणजे तिची तार वाकते. खरं म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग दबते तेव्हा तार पिळली जाते. ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळावा तसा. पिळाचा ताण तारेच्या गाभ्यात जवळजवळ शून्य आणि पृष्ठभागावर सगळ्यात जास्त असतो. म्हणजे स्प्रिंगचा जीव तिच्या कातडीत असतो. तारेचा पृष्ठभाग शाबूत असेपर्यंत ती लाखो वेळा दबून परत येते. तिथे एखादा खड्डा पडला, टाचणीच्या टोकाएवढा का असेना, की ताण त्या जागी गोळा होतो आणि तिथून भेग आत शिरू लागते.

म्हणूनच कारखान्यात स्प्रिंगच्या कातडीवर एवढी मेहनत घेतात. सिलिकॉन मिसळलेलं पोलाद, पाणी देऊन कडक केलेलं आणि पुन्हा तापवून चिवट केलेलं. त्यावर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करतात, त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि भेग उघडायला कठीण जातं. त्यावर फॉस्फेटचा थर, आणि त्यावर भाजलेला रंग. हा रंग दिसायला साधा असतो, पण सगळं त्याच्यावर अवलंबून असतं.

आणि तो सगळ्यात आधी कुठे जातो? बशीत. खालच्या वेढ्याशी चिखल आणि वाळू साचते, पाणी अडतं, आणि प्रत्येक धक्क्याला वेढा त्या वाळूवर घासला जातो. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात अशा ठिकाणी आणि समुद्रकाठी हे फार लवकर होतं. रंग गेला की गंज, गंजाखाली खड्डे, खड्ड्यातून भेग. बारा मिलिमीटरची तार गंजून साडेअकरा राहिली तर तिच्यावरचा ताण सुमारे १४ टक्के वाढतो, आणि हे तार सगळीकडून सारखी झिजली असं धरून. प्रत्यक्षात गंज खड्ड्याखड्ड्यांनी खातो, तेव्हा त्या जागेचा ताण याहून बराच जास्त असतो.

धातू ‘थकतो’ याचा पद्धतशीर अभ्यास ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने १८५० आणि १८६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर केला. त्यातून कळलं की पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते कितीही वेळा वाकवा-पिळवा, तुटत नाही. पुढे लक्षात आलं की ही सवलत कोरड्या, स्वच्छ पोलादापुरतीच आहे. गंज आणि ताण एकत्र आले की तशी सुरक्षित मर्यादाच उरत नाही, फक्त किती दिवस एवढाच प्रश्न राहतो. तुमच्या स्प्रिंगचं हेच झालंय. तुटकं टोक मिळालं तर नीट पाहा: तुटलेल्या तोंडाचा एक कोपरा काळपट-तांबडा आणि बाकीचा भाग चकचकीत करडा दिसेल. तांबडा भाग ही जुनी भेग, चकचकीत भाग अखेर एका झटक्यात तुटलेला. खड्डा, गतिरोधक किंवा थंडीतली सकाळ ही निमित्तं असतात. कित्येक स्प्रिंगा तर गाडी उभी असताना तुटतात आणि मालक सकाळी म्हणतो, काल तर काही नव्हतं.

एक निरीक्षण सांगतो. मी काम शिकत होतो तेव्हाच्या जुन्या गाड्यांच्या जाड स्प्रिंगा बसायच्या, म्हणजे उंचीला कमी व्हायच्या, पण तुटताना क्वचितच दिसायच्या. नंतर वजन वाचवायला तार बारीक आणि पोलाद जास्त कडक झालं. काम तेवढंच, वजन कमी. पण जास्त ताणावर काम करणाऱ्या बारीक तारेला छोटासा खड्डाही पुरतो. म्हणून अलीकडच्या गाड्यांत तुटण्याचं प्रमाण मला जास्त दिसतं.

यातूनच ‘एक बदलू की दोन’ याचं उत्तर मिळतं. उजवी स्प्रिंगही चौदा वर्षं त्याच चिखलातून, त्याच पाण्यातून गेली आहे. तिचा रंगही तिथेच उडालाय. आज ती शाबूत दिसते याचा अर्थ तिची भेग अजून पूर्ण झालेली नाही, एवढाच. शिवाय इतक्या वर्षांत ती थोडी बसलेली असते. एकाच बाजूला नवी घातली तर गाडी एका अंगाला कलते, आणि ब्रेक मारताना किंवा वळताना दोन्ही चाकांवरचा भार वेगळा होतो. म्हणून एका आसावरच्या दोन्ही. चारही बदलण्याचा आग्रह मला पटत नाही. मागचा आस वेगळा आहे, तिथली स्थिती पाहूनच ठरवायचं.

शॉकअपचं काय? स्ट्रट बाहेर काढून सुटा करण्याचं काम स्प्रिंगसाठी होणारच आहे, मजुरी तीच. बाहेर आल्यावर दांडा हाताने पूर्ण आत-बाहेर करून पाहायचा: दोन्ही दिशांना सलग विरोध लागला पाहिजे, मध्ये कुठे पोकळ जाता कामा नये. तेल ओघळलेलं असेल, दांड्यावर गंजाचे टिपके असतील किंवा हात मोकळा जात असेल तर दोन्ही बदला. १,४०,००० किलोमीटरनंतर बहुतेक वेळा ते बदलायलाच येतात, पण तपासल्याशिवाय यादीत घालू नयेत. टॉप माउंट आणि बंप स्टॉप मात्र न तपासताच बदलायला सांगेन. रबर या वयात आतून फाटलेलं असतं, आणि त्या छोट्या वस्तूसाठी पुन्हा स्ट्रट उतरवणं हे दुप्पट काम आहे.

नवी स्प्रिंग घेताना ‘याच मॉडेलची’ एवढं सांगून भागत नाही. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या आणि साध्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या असू शकतात, कारण इंजिन-गिअरबॉक्सचं वजन वेगळं असतं. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा. जुन्या स्प्रिंगवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे दिसत असतील तर फोटो काढून ठेवा, ती तिची ओळख असते. आल्यावर तारेची जाडी आणि वेढे जुन्याशी ताडून पाहा. जाडीतला छोटा फरकही मोठा असतो, कारण स्प्रिंगचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. काही स्प्रिंगा टेबलावर ठेवल्या की केळ्यासारख्या वाकड्या दिसतात. त्या खराब नसतात, शॉकअपच्या दांड्यावर आडवा भार येऊ नये म्हणून मुद्दाम तशा बनवतात. त्या उलट्या बसवल्या तर फायदा उलटा होतो, म्हणून वर-खालची खूण पाहावी.

तीन गोष्टी करू नका. तुटलेली स्प्रिंग वेल्ड करू नका. वेल्डच्या उष्णतेने पोलादाचं पाणी जातं, शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि ती तिथेच तुटते. जुन्या बाजारातली वापरलेली स्प्रिंग बसवू नका, तिच्या रंगाखाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही. आणि उंची भरून काढायला वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवू नका. बफर असलेला वेढा काम करायचं थांबतो, त्याचा पीळ बाकीच्या वेढ्यांवर जातो, आणि बफरखाली पाणी आणि माती साचून राहते. म्हणजे स्प्रिंग ज्या कारणाने तुटते ते कारण आपण स्वतःच दुसऱ्या ठिकाणी तयार करतो.

हे काम घरी करायचा विचार असेल तर इथे थांबून वाचा. स्ट्रटमधली स्प्रिंग गाडी उचललेली असतानाही दाबलेलीच असते. अशा स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला साधारण अडीच किलोचा भार लागतो. १५० मिलिमीटर दाबली की ती पावणेचारशे किलोच्या आसपास जोर लावून उभी असते. तिच्यात साठलेली ऊर्जा १० किलोचं वजन जवळपास ३ मीटरवरून पडावं एवढी असते. काम करताना हे सगळं स्प्रिंग दाबून धरणाऱ्या दोन हुकांवर तोललेलं असतं. शाबूत स्प्रिंगच्या बाबतीत सवयीचा माणूस हे सांभाळू शकतो. तुटक्या स्प्रिंगचा तळ सरळ नसतो, ती दाबताना एका बाजूला फिरते आणि हुक सरकतो. ती कधीकधी दोन ठिकाणी तुटलेली असते, आणि दुसरी तूट रबरी आवरणाखाली लपलेली असते. माझ्या गॅरेजात तुटक्या स्प्रिंगसाठी हाताचे हुक वापरायचे नाहीत असा नियम आहे. जमिनीवर पक्का केलेला, वेढा दोन्हीकडून धरणारा स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसरच वापरायचा.

ज्यांच्याकडे अनुभव आहे, त्यांच्यासाठी नेहमी चुकणाऱ्या जागा. हुक समोरासमोर हवेत आणि तुटलेल्या जागेच्या वरच्या अखंड वेढ्यांवरच हवेत. दोन्ही बाजू आलटून-पालटून, हाताच्या पान्याने आवळायच्या, झटके मारणाऱ्या गनने नाही. आटे आधी स्वच्छ करून ग्रीस लावलेले हवेत. स्प्रिंग बशीत हाताने सैल फिरू लागेपर्यंत वरच्या नटला हात लावायचा नाही. चेहरा कधीही स्प्रिंगच्या रेषेत आणायचा नाही. दांडा फिरू नये म्हणून त्याला पकड लावायची नाही, त्यावरचा ओरखडा काही महिन्यांत सील फाडतो. दांड्याच्या टोकाला चावीसाठी खाच असते, तिथेच धरायचं.

नवी स्प्रिंग दाबताना कॉम्प्रेसरच्या जबड्यांवर रबर किंवा प्लॅस्टिकचं आवरण हवंच. हे मी प्रत्येक शिकाऊ मुलाला पुन्हा पुन्हा सांगतो. लोखंडी जबड्याने उडालेला रंगाचा एक टवका म्हणजे पाच-सहा वर्षांनंतरच्या तुटण्याची जागा. टवका उडालाच तर लगेच रंग लावायचा.

बसवताना बशी खरवडून स्वच्छ करा, तळाचं पाणी जायचं छिद्र मोकळं करा, आणि खोबणी गंजून पातळ झाली आहे का ते हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. स्प्रिंगचं टोक अडणीला टेकलेलं हवं. वरचं रबर आणि माउंटवरची खूण जागेवर हवी. आपोआप सैल न होणारे (सेल्फ-लॉकिंग) नट एकदा काढले की पुन्हा वापरायचे नाहीत. नकलला (चाक ज्यावर बसतं त्या ओतीव भागाला) स्ट्रट धरणाऱ्या दोन बोल्टांची जागा काढण्याआधी खुणून ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांत चाकाचा वरचा कल तिथूनच ठरतो. शेवटचं आवळणं गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने. लोअर आर्मचे रबरी बुश सैल केले असतील तर ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच आवळायचे. हवेत लोंबकळताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मागे आडव्या बीमवर सुटी स्प्रिंग असेल तर काम बरंच सोपं असतं: बीम जॅकवर धरून शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि हळूहळू खाली घ्यायचं, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना हे पाहत. वेगवेगळ्या आर्मवर दाबून बसलेली मागची स्प्रिंग मात्र जॅक सोडून काढू नका, तिथेही कॉम्प्रेसरच हवा. गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पोलादी पट्ट्यांची चळत असलेल्या, म्हणजे पाट्याच्या गाड्यांचं शास्त्र निराळं आहे, तिथे मुख्य पाटा बहुधा सेंटर बोल्टच्या छिद्राशी तुटतो.

आता घरच्यांचा प्रश्न: एवढ्या जुन्या गाडीवर हे करावं का? यासाठी मी स्प्रिंगकडे बघत नाही. बॉनेट उघडून टॉप माउंट जिथे बोल्टने बसतं तो पत्रा पाहतो, चाकाच्या कमानीतून त्याचीच खालची बाजू पाहतो, आणि मागच्या स्प्रिंगा जिथे टेकतात तो भाग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहतो. पत्रा टणक असेल तर हे काम म्हणजे साधी झीज भरून काढणं आहे, बिनदिक्कत करा. टोक आत गेलं, पापुद्रे निघाले, तर नवी स्प्रिंग कुजलेल्या पायावर उभी राहणार. अशा वेळी मी मालकाला खर्च करू नका असंच सांगतो, माझं काम बुडालं तरी. तुमच्या गाडीच्या त्या जागांचे फोटो आधी काढून घ्या, सुट्या भागांची ऑर्डर त्यानंतर.

काम झाल्यावर गाडी पुढून थोडी उंच वाटेल, कारण जुन्या स्प्रिंगा बसलेल्या होत्या. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, म्हणून ५०-१०० किलोमीटर चालवून मग व्हील अलाइनमेंट करा, आणि हेडलाइटचा झोत तपासून घ्या. त्याच वेळी चारही चाकांच्या मधोमधपासून कमानीपर्यंतची मापं घेऊन सर्व्हिसच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. दर सर्व्हिसला चारही बश्या पाण्याने धुवायला सांगा आणि तीच मापं पुन्हा घ्या. मागच्या बाजूचं माप कमी होऊ लागलं, तर तिकडच्या स्प्रिंगांची पाळी आली असं समजून टॉर्च घेऊन खाली बघा.